सातव्या रकान्यातलं अक्षर

अहल्या सोमवारी रात्री गेली. मला ते मंगळवारी दुपारी दोन वाजता कळलं. तारीख १२ फेब्रुवारी २००२. मी उज्जैनला फ्रीगंजात, टॉवर चौकाच्या मागच्या माझ्या दुकानात एका प्रिंटरचा पट्टा बसवत होतो. फोन बस्तरहून होता. तिथे अहल्येच्या ऑफिसात सुलभा नावाच्या एक बाई होत्या, त्याही इकडच्याच, देवासच्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बसलेले आहात ना?"

"बसलोय," मी म्हणालो. मी उभा होतो.

त्यांनी सांगितलं ते मी ऐकून घेतलं. सोमवारी दुपारी तिचा उजवा हात लुळा पडला, मग जीभ जड झाली. जीप मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती राहिली नाही. मी विचारलं, "काही बोलली का?" सुलभाताई म्हणाल्या, "बोलता येत नव्हतं, भाऊ."

मी फोन ठेवला आणि पट्टा पूर्ण बसवला. गिऱ्हाईक समोर बसलं होतं. त्याला प्रिंटर चालवून दाखवला. मग शटर ओढलं.

रायपूरपर्यंत आगगाडी, पुढे बस, त्यापुढे ऑफिसची जीप. पोचायला गुरुवार उजाडला. लोकांनी तिला बर्फावर ठेवलं होतं. लाकडं ओली होती, रॉकेल घालावं लागलं. अग्नी देताना मी देवाचं नाव घेतलं नाही. सुहास तारेचं घेतलं.

तारे कोण ते सांगतो.

माझी बायको अहल्या उज्जैनला एका सरकारी ऑफिसात सांख्यिकी सहायक होती. ऑफिसचं नाव लिहीत नाही. तिथल्या स्थापना शाखेचा, म्हणजे नेमणुका-बदल्या बघणाऱ्या शाखेचा, साहेब सुहास तारे. आमच्यासारखाच इथला मराठी माणूस, गणपतीच्या वर्गणीला दरवर्षी पुढे. १ नोव्हेंबर २००० ला आमच्या राज्याची भोपाळची आणि रायपूरची अशी दोन राज्यं झाली आणि कर्मचारी वाटून द्यायचे ठरले. कोणाला कुठे राहायचं आहे ते प्रत्येकाने लिहून द्यायचं. ज्याला गंभीर आजार आहे त्याला हलवायचं नाही, असा नियम होता.

अहल्येच्या हृदयात धातूची झडप होती. इंदूरला बसवली होती, ९६ साली. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि दर महिन्याला रक्त तपासून गोळी कमी-जास्त करावी लागते. उज्जैनला हे काम टेम्पोत बसून अर्ध्या दिवसात व्हायचं. तिकडे तिचं रक्त बसने रायपूरला जायचं आणि उत्तर येईपर्यंत आठवडा निघून जायचा.

तिने अर्जात आजार लिहिला होता आणि डॉक्टरचा कागद तारेच्या हातात दिला होता. पावती मागितली तर तो हसला होता. "वहिनी, घरच्या माणसाकडून पावती?" ती परत आली आणि मला म्हणाली, "अहो, त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, फायलीत नाही लावला." मी म्हणालो, लावेल नंतर.

यादी आली तेव्हा त्या पदावरच्या दोन बायकांपैकी एक इथे राहिली आणि एक तिकडे गेली. राहिली ती उषा, तारेची मेव्हणी. गेली ती अहल्या. यादीत सातवा रकाना गंभीर आजाराचा होता. यादी ऑफिसच्या मोठ्या कंप्यूटरवर केलेली, आणि त्या मशीनमध्ये हिंदी लिहिता येत नसे. आजार असेल तर इंग्रजी वाय, नसेल तर एन. अहल्येच्या पुढे एन होता.

मी तारेकडे गेलो. तो म्हणाला, "गर्देजी, कंप्यूटरमध्ये जे आहे तेच भोपाळला गेलं. आता कंप्यूटरशी कोण भांडणार?"

मला तिच्याबरोबर जाता आलं नाही. माझी आई, तिला सगळे अक्का म्हणतात, पंच्याऐंशीची होती आणि पडून होती. सहा महिन्यांत बदली रद्द करून आणू असं ठरवून अहल्या एकटी गेली. सातव्या महिन्यात सुलभाताईंचा फोन आला.

दहाव्याला तारे राम घाटावर आला होता. पांढरा सदरा घालून. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होनी को कौन टाल सकता है." गुरुजी पिंड मांडत होते. माझ्या हातात तांब्या होता. तो मी त्याच्या डोक्यात घातला नाही याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

त्यानंतर मी अर्ज लिहायला घेतले. भोपाळला, मंत्र्याला, आयोगाला. मला लिहिता चांगलं येत नाही. प्रत्येक अर्जात एकच गोष्ट लिहिली: सातव्या रकान्यातलं अक्षर बदललेलं आहे, कोणी बदललं ते शोधा. पाच महिन्यांनी, जुलैत, उत्तर आलं. गुरुवारी भोपाळहून अधिकारी जांच, म्हणजे चौकशी, करायला येतील आणि मशीनमधली फाइल बघतील.

त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी तारे स्वतः माझ्या दुकानात आला.

त्याचं कारण असं. मी आधी कापडगिरणीत फिटर होतो. गिरणी बंद पडल्यावर टाइपरायटर दुरुस्त करायला शिकलो, आणि टाइपरायटर संपले तेव्हा कंप्यूटर. त्या ऑफिसची मोठी मशीन बसवली तेव्हापासून तिची देखरेख माझ्याकडेच होती. एक मशीन आणि तिला जोडलेले सहा पडदे, कळफलकासकट. बायको गेली तरी कागदावर ते काम माझंच होतं.

तारे स्टुलावर बसला नाही. रुमालाने मान पुसत म्हणाला, "गर्देजी, मशीन बंद पडलीय. कालपासून नाटक करून राहिली आहे."

"काय होतंय?"

"चालू होते, पंखा फिरतो, काहीतरी इंग्रजीत लिहिते आणि बस. लॉगिन येतच नाही."

"काय केलं होतं?"

"काही नाही केलं."

"काही न करता मशीन असं करत नाही, साहेब."

तो बाहेर बघत म्हणाला, "परवा जांच आहे. मशीन चालू नसेल तर मी लिहून देईन की देखरेखवाल्याने वेळेवर दुरुस्त केली नाही, रेकॉर्ड गेलं. मग तुमची जांच पण गेली. समजून राहिलात ना?"

मी समजलो. त्याची मशीन मेली तर तो सुटत होता. मला त्याला बुडवायचं होतं, आणि त्यासाठी आधी त्याचंच काम करायला हवं होतं.

मी घरी जाऊन हत्यारांची पिशवी घेतली. अक्काने पलंगावरून विचारलं, "कुठे?"

"तारेच्या ऑफिसात. मशीन बिघडलीय."

"ज्याने आपलं घर बुडवलं त्याची मशीन नीट करायला चाललास?"

"हो."

"मग नीटच कर," अक्का म्हणाली. "कसं ते मला विचारू नको."

मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून पोळ्यांचा जुना डबाही काढून पिशवीत टाकला. त्यात काय होतं ते पुढे येईल.

मशीन एका छोट्या खोलीत होती. खोलीच्या दाराशी शिपाई गोपाळ बसला होता, तो निवृत्तीला आलेला माणूस. मला बघून उठला आणि हळूच म्हणाला, "भैया, साब ने कल खुद बैठ के कुछ किया था. किताब ले के."

मी मशीन चालू केली. डिस्क फिरली, दिवे लागले, ओळी वर सरकल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. मशीन सांगत होती की सगळ्यात पहिला जो प्रोग्राम चालवायचा, तोच चालवायची मला परवानगी नाही. मी असं आधी पाहिलं नव्हतं, पण काय झालं ते लगेच समजलं.

साध्या शब्दात सांगतो. त्या मशीनमध्ये प्रत्येक फाइलीवर लिहिलेलं असतं की ती कोणाच्या मालकीची, कोणी वाचायची, कोणी बदलायची, कोणी चालवायची. तारेला यादीची फाइल बंद करायची होती, म्हणजे त्याच्याशिवाय कोणी उघडू नये. सगळ्यात वरचा पासवर्ड दोनच माणसांकडे होता, तो आणि मी. पुस्तकात बघून त्याने हुकूम दिला की या कप्प्यातलं सगळं आणि त्याच्या आतलं सगळं बंद कर. "सगळं" लिहिताना त्याने ताऱ्याचं चिन्ह टाकलं, आणि लपलेल्या फाइलीसुद्धा याव्यात म्हणून ताऱ्याच्या आधी टिंब टाकलं. टिंब आणि तारा मिळून मशीनला "वरचा कप्पा" असाही अर्थ लागतो. त्याने लावलेला ताला खाली जायच्या ऐवजी वर चढला, आणि वरून मशीनच्या सगळ्या खोल्यांत उतरला. यादी बंद झाली आणि तिच्याबरोबर मशीनचे हातपायही बंद झाले. माणूस जिवंत, पण त्याला श्वास घ्यायची मनाई.

अशा वेळी फ्लॉपीवरून मशीन जागी करावी लागते. त्या फ्लॉप्या कपाटात होत्या. दोन. दोन्हींवर अहल्येच्या अक्षरात चिकटवलेली पट्टी. एकीवर लिहिलं होतं, "आधी ही." दुसरीवर, "मागेल तेव्हा ही." दर दिवाळीला मी सांगायचो आणि ती नव्या करून ठेवायची. ऑफिसात ते काम तिचं नव्हतं. दुसरं कोणी करत नव्हतं म्हणून ती करायची.

पहिली घातली. मशीनने मागितली तेव्हा दुसरी घातली. मशीन जागी झाली.

आता प्रत्येक फाइलीला तिचा हक्क परत द्यायचा होता. सगळ्यांना सरसकट सगळं उघडून दिलं तर मशीन चालू होते, पण अर्ध्या गोष्टी रुसतात. काही फाइली अशा असतात की त्या जास्त उघड्या असल्या तरी मशीन त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. नानाखेड्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अगदी तशीच मशीन होती. मी दुपारी स्कूटरवर तिथे गेलो, त्याच्या मशीनमधल्या फाइलींची यादी हक्कांसकट कागदावर छापून आणली. जोडकागद होता, पसरला तर खोलीतून बाहेर गेला असता. मग एकेक ओळ बघून हुकूम देत बसलो.

चारच्या सुमारास तारे चहा आणि कचोरी घेऊन आला. गोपाळला त्याने बँकेत पाठवलं होतं. दार लावून तो माझ्या शेजारी बसला.

"कितपत आलं?"

"होईल उद्यापर्यंत."

"फाइल वाचली ना?"

"फाइलीला काही झालेलं नाही. ताला लावल्याने आतलं बदलत नाही. तारीखही बदलत नाही." मी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा, यादीची फाइल. शेवटची बदलली १४ डिसेंबर २०००, दुपारी एक चाळीस."

तो पुढे वाकून ती ओळ बघायला लागला. मी कचोरीला हात लावला नाही.

"जेवायची सुट्टी," मी म्हणालो. "शाखेत कोण असतं तेव्हा?"

"गर्देजी," तो म्हणाला, "इथे आपण दोघंच आहोत. बाहेर कोणी विचारलं तर मी असं काही बोललोच नाही. ठीक?"

मी पुढची ओळ बघून हुकूम दिला.

"एकच जागा होती. उषाची मोठी चौथीत, धाकटा दुसरीत. नवरा फिरतीवर. ती तिकडे गेली असती तर घर मोडलं असतं. तुम्हाला मूलबाळ नाही. मला वाटलं, तुम्ही दोघं निभावून न्याल. आणि मी काय केलं हो? एक अक्षर. फक्त एक अक्षर."

"डॉक्टरचा कागद?"

"तो कुठे आता."

"तिच्या छातीत काय होतं ते तुम्हाला माहीत होतं. टिकटिक ऐकू यायची. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, वहिनी, तुमच्या जवळ बसलं की घड्याळ बघायला नको."

"चेष्टेत म्हणालो होतो."

"हो."

"मला काय ठाऊक ती मरेल म्हणून?" त्याचा आवाज चिरला. तो खरंच रडायच्या बेताला आला होता. मला त्याची दया आली नाही. मी मनात मोजत होतो की मशीनचा जड पडदा उचलून त्याच्या गुडघ्यांवर टाकायला किती वेळ लागेल.

तो उठला. दाराशी जाऊन म्हणाला, "नाव कोणाचं निघणार नाही, गर्देजी. सगळी शाखा एकाच नावाने लॉगिन करते. स्थापना. पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलेला आहे. आणि ती फाइल तर कोणीही बदलू शकत होतं. तुम्हीच तशी करून दिली होती, आठवतं ना?"

तो गेल्यावर मला ते आठवलं.

९८ साली मशीन नवी होती तेव्हा मी प्रत्येकाला वेगळं नाव करून दिलं होतं. तारेलाही. आठवड्याभरात बाबू लोक कंटाळले. याची फाइल त्याला दिसेना, त्याची याला. रोज माझ्या दुकानात फोन, "गर्देजी, फाइल नहीं खुल रही." शेवटी मी वैतागून एक दिवस गेलो, सगळ्यांचं एक नाव केलं, आणि कामाच्या सगळ्या फाइली सगळ्यांना वाचायला, बदलायला, पुसायला उघड्या करून टाकल्या. फोन बंद झाले. बाबूंनी मला रबडी खाऊ घातली.

त्या दिवशी घरी आल्यावर अहल्या म्हणाली होती, "अहो, सगळं सगळ्यांना उघडं ठेवलंत? उद्या कोणी काही केलं तर?"

"कोण काय करणार? रोज कोण मरायला जाईल तिथे?"

"मी तर रोज जाते," ती म्हणाली.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला ती यादीच्या फाइली फ्लॉपीवर घेऊन ठेवायला लागली. एक संच ऑफिसात, एक घरी. पोळ्यांच्या जुन्या डब्यात, कारण त्याचं झाकण घट्ट होतं आणि आत दमट होत नसे. त्या यादीच्या फाइली फक्त ऑफिसच्याच मशीनमधल्या प्रोग्रामने उघडायच्या, आणि मी तक्रार केल्यापासून तारेने मला त्या खोलीत बोलावलं नव्हतं. म्हणून इतके दिवस माझ्या हातात असून मला त्यांचा उपयोग नव्हता.

बुधवारी दुपारी मशीन सरळ चालू झाली. सहाही पडद्यांवर लॉगिन आलं. बाबू लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, अजून तपासायचं आहे, आणि दार लावून घेतलं.

डब्यातून १ डिसेंबर २००० ची फ्लॉपी काढली. अहल्येची ओळ शोधली. सातवा रकाना: वाय. मग १ जानेवारीची. सातवा रकाना: एन.

मी दोन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या. अक्षर बदललं होतं हे आता कोणालाही नाकारता येणार नव्हतं. पण कोणी बदललं ते मशीन सांगत नव्हती. फाइलीच्या मालकाच्या जागी स्थापना लिहिलेलं होतं, म्हणजे सगळे, म्हणजे कोणीच नाही. तारे उद्या अधिकाऱ्यासमोर हात जोडून म्हणणार होता की टायपिंगची चूक झाली असेल, साहेब, कोणा बाबूकडून. आणि घरी जाऊन जेवणार होता.

तारेचं जुनं नाव मशीनमध्ये अजून होतं. ९८ साली मी केलेलं. पुसायचं राहून गेलं होतं.

मालक बदलायला एक ओळ लागते. मी ती लिहिली. यादीची फाइल तारेच्या नावावर केली. खाली १४ डिसेंबरची तारीख, एक चाळीसची वेळ, आणि आता पुढे त्याचं नाव. बघणाऱ्याला वाटेल की तो आपल्या नावाने बसला आणि हे करून गेला. मी काही खोटं लिहीत नव्हतो. त्याने माझ्या तोंडावर कबूल केलं होतं. मशीनला ते ठाऊक नव्हतं, मी तिला सांगितलं, इतकंच. तेव्हा मला असंच वाटलं. बटण दाबताना जे सुख झालं तसं मला तिच्या माघारी कधीच झालं नव्हतं.

घरी येऊन पोटभर जेवलो. अक्का म्हणाली, "आज दुसऱ्यांदा भात घेतलास."

गुरुवारी अधिकारी आले. सक्सेना नावाचे, वयस्क, कमी बोलणारे. बरोबर त्यांचा कंप्यूटरवाला होता, चष्मेवाला, मोजकं बोलणारा. तारे खुर्ची पुसून देत होता. मी दोन्ही फ्लॉप्या त्यांच्या हातात दिल्या आणि काय ते सांगितलं. सक्सेनांनी वहीत लिहून घेतलं. त्यांनी दोनदा विचारलं, "पत्नी का क्या नाम बताया?" मला वाटलं, हा माणूस ऐकतोय.

कंप्यूटरवाल्याने मशीनमधली फाइल बघितली. "सर, ये फाइल तारे के नाम पर है. चौदह दिसंबर."

तारेचा चेहरा राखेसारखा झाला. तो रुमाल काढून मान पुसायला लागला. पाच महिने मी ज्याची वाट बघत होतो ते तोंड ते होतं. मी ते नीट बघून घेतलं.

मग कंप्यूटरवाल्याने फ्लॉपी घातली. डिसेंबरची बघितली, मान हलवली. जानेवारीची बघितली आणि थांबला. पुन्हा बघितली.

"सर," तो म्हणाला, "एक बात है. एक जनवरी की फ्लॉपी में यही फाइल है. यही तारीख, यही टाइम. लेकिन मालिक का नाम स्थापना है. तारे नहीं. मतलब नाम बाद में बदला गया है."

फ्लॉपीवर फक्त मजकूर जात नाही. मालकाचं नावही जातं, हक्कही जातात. हे अहल्येला मीच शिकवलं होतं. बुधवारी मी सातवा रकाना बघितला आणि बाजूची ओळ बघितलीच नाही.

सक्सेनांनी पेन खाली ठेवलं. "मंगल-बुध को मशीन किसके पास थी?"

"गर्देजी के पास," तारे म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता. "अकेले थे, सर. दरवाजा बंद करके."

सक्सेनांनी माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोललो नाही. म्हणालो, "नाम मैंने डाला. अक्षर इन्होंने बदला. मेरे सामने कबूल किया है."

"कोई गवाह?"

"नहीं."

"मैंने ऐसा कुछ नहीं कहा," तारे म्हणाला.

"और ये फ्लॉपी आपके घर से आई हैं?"

"हाँ."

"आपकी पत्नी की बनाई हुई."

"हाँ."

ते काही कठोर बोलले नाहीत. उलट जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गर्दे साहब, सिर्फ फ्लॉपी दे देते तो बात बन जाती." तो हात मला तारेच्या हातापेक्षा जड वाटला.

अहवालात त्यांनी लिहिलं: नोंदीत छेडछाड झालेली दिसते, पण पुरावा तक्रारदाराच्या ताब्यात होता आणि त्यातही छेडछाड झाली आहे, त्यामुळे जबाबदारी ठरवता येत नाही. देखरेखीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. त्यात अन्याय नाही. तारेला दुसऱ्या शाखेत बसवलं, त्याच मजल्यावर. उषा होती तिथेच आहे. तिचा धाकटा आता चौथीत असेल.

मी घरी येऊन अक्काला सगळं सांगितलं. तिने उशी सरकवून घेतली. मग म्हणाली, "तिने सगळं सांभाळून ठेवलं होतं, तू तेवढं नेऊन द्यायचं होतंस." तिने पुन्हा तो विषय काढला नाही. मीही नाही.

तारे मला टॉवर चौकात दिसतो. संध्याकाळी तो तिथे पोहे खायला येतो, जास्त शेव घालून. मला बघितलं की प्लेट घेऊन दुसऱ्या बाजूला वळतो. माझा राग कमी झालेला नाही. लोक म्हणतात, काळाने कमी होतो. माझा झालेला नाही आणि मला तो कमी करायचाही नाही. मी फक्त एवढं जाणतो की त्या बुधवारी दुपारी, एक ओळ लिहायच्या आधी, तो माझ्या मुठीत होता. मूठ मी स्वतः उघडली. जशा ९८ साली सगळ्या फाइली उघड्या करून दिल्या होत्या, तशीच.

दोन्ही फ्लॉप्या भोपाळला जमा आहेत. त्या परत मिळाव्यात म्हणून मी अर्ज केला आहे. उत्तर आलेलं नाही. ऑफिसात नवा देखरेखवाला आला, त्याने यादीची फाइल आता नीट बंद करून ठेवली आहे. मीच त्याला कसं करायचं ते सांगितलं, टिंब न टाकता.

त्या यादीत अहल्या गर्देच्या नावापुढे, सातव्या रकान्यात, अजून एन आहे. त्याचा वाय व्हायचा राहिला आहे.